पाट्याचं पीनिंग: एका मंजुरीची हकिगत

ट्रकचा पाटा, म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणारी पोलादी पानांची स्प्रिंग, ओझ्यानं तुटतो, असं ड्रायव्हरपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळेच सांगतात, आणि ऊस भरलेल्या गाड्या डुलत जाताना बघितल्या की त्यावर वाद घालावासा वाटत नाही. पण तुटून परत आलेला पाटा टेबलावर ठेवून त्याचं तुटलेलं तोंड भिंगाखाली बघितलं, की बहुतेक वेळा वेगळीच हकिगत निघते. तोंडाचा एक भाग गुळगुळीत आणि काळपट असतो, त्यावर एकापुढे एक वळसे उमटलेले असतात. उरलेला भाग दाणेदार, खरखरीत. वळशांचा माग उलटा काढत गेलं की आपण एका बिंदूपाशी पोचतो, आणि तो बिंदू जवळपास नेहमी पाट्याच्या वरच्या अंगावर असतो. म्हणजे पाटा एका दणक्यात गेलेला नाही. वरच्या अंगावर केसाएवढी भेग पडली, प्रत्येक खड्ड्यागणिक ती किंचित पुढे सरकली, आणि शेवटी जेवढं पोलाद उरलं होतं ते एका साध्याशा गचक्यात फाटलं. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की एकदा सहज पेलेल असा ताण लाखो वेळा दिला तर पोलाद थकतं आणि तुटतं. ही जुनी गोष्ट. पण ती पाट्याच्या वरच्या अर्ध्या मिलिमीटरात घडते, आणि त्या अर्ध्या मिलिमीटरासाठी पीनिंगचा, म्हणजे त्या अंगावर पोलादाचे बारीक गोल दाणे मारण्याचा, एवढा खटाटोप करावा लागतो, हे मला काम अंगावर पडल्यावरच कळलं.

मी चाकणच्या बाजूला पाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. आमचे जुने पाटे सात-आठ पानांचे, एकावर एक रचलेले. एखादं पान गेलं तरी गाडी घरी पोचते, आणि तुटलेल्या पानावरही महिनोन्‌महिने गाडी चालवणारे महाभाग आहेत. मग एका गाडी कंपनीनं छोट्या मालवाहू गाडीसाठी दोनच पानांचा पॅराबोलिक पाटा मागितला. यात पान मधे जाड असतं आणि टोकांकडे पातळ होत जातं, त्यामुळे वाकताना ताण सगळ्या लांबीवर सारखा वाटला जातो. वजन बरंच वाचतं. पण याचीच दुसरी बाजू अशी, की पानाचा जवळजवळ प्रत्येक इंच कमाल ताणाच्या जवळ काम करतो आणि भेगेला सुरुवात करायला जागाच जागा मिळते. शिवाय दोनातलं एक गेलं तर सांभाळून घ्यायला बाकीची सहा नाहीत.

ड्रॉइंगवर एक ओळ होती: ताणाच्या बाजूवर स्ट्रेस पीनिंग, इंटेन्सिटी ०.४० ते ०.५० मिलिमीटर ए, कव्हरेज १०० टक्के. इंटेन्सिटी म्हणजे दाण्यांच्या माऱ्याचा जोर, कव्हरेज म्हणजे किती अंग माऱ्यानं भरलं; बाकीचे शब्द पुढे येतीलच. बाकी सगळं आम्ही वर्षानुवर्षं करत आलो होतो. पट्टी कापायची, मधलं भोक पाडायचं, टोकाला डोळा, म्हणजे पाटा गाडीला अडकवायची गोल कडी, वळायचा, भट्टीत तापवून कमान द्यायची, तेलात बुडवून पाणी द्यायचं, म्हणजे झटकन थंड करून कडक करायचं, मग पुन्हा बेतानं तापवून टेम्पर करायचं. ही एक ओळ नवी होती, आणि तिची मंजुरी मिळवणं माझ्या गळ्यात आलं.

पहिल्याच बैठकीत प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, “हे तर आपण रोज करतो. ब्लास्टिंगला पीनिंग म्हणायचं, एवढंच ना?”

त्यांचं काही चुकलं असं नाही म्हणता येणार, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तेच बंद केबिन, दाणे फेकणारं तेच गरगरणारं व्हील, तोच पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. पण ब्लास्टिंगचं काम भट्टीत अंगावर धरलेली खपली काढण्याचं. खपली निघाली, रंग धरेल असं अंग झालं, की संपलं. त्यात दाणे फुटलेले असले तर उलट बरंच, धारदार कडा खपली लवकर ओरबाडतात. पीनिंगमध्ये फुटका दाणा म्हणजे शत्रू. ज्या अंगावर भेग पडू नये म्हणून एवढं करायचं, त्याच अंगावर तो खाच पाडून जातो. ब्लास्टिंगच्या मशीनमध्ये वेग किती, दाण्याचा आकार किती, किती वेळ मारा झाला, हे कुणी लिहून ठेवत नाही. पीनिंगमध्ये या तीन गोष्टींपलीकडे फार काही नसतंच.

होतं असं. पोलादाचा गोल दाणा सेकंदाला साठ-सत्तर मीटर वेगानं येऊन पाट्यावर आपटतो आणि एक बारीक खळगा पाडतो. खळगा पडला म्हणजे तिथलं पोलाद आजूबाजूला पसरायला बघतं. असे लाखो खळगे एकमेकांना खेटून पडले, की वरचा सगळा थर ताणला जाऊन मोठा व्हायला निघतो. पण त्याच्या खालचं पोलाद तसंच राहिलेलं असतं, ते त्याला मोठं होऊ देत नाही. शेवटी वरचा थर जागच्या जागी कोंडून, दाबाखाली राहतो. नंतर गाडीखाली पाटा वाकतो तेव्हा वरच्या अंगावर ताण येतो, पण त्या ताणाला आधी हा कोंडलेला दाब फेडावा लागतो. समजा ओझ्यानं ९०० मेगापास्कलचा ताण आला आणि आत ५०० चा दाब बसलेला असला, तर वरच्या थराला प्रत्यक्षात ४०० च जाणवतो. भेगेचं तोंड उघडायला ताण लागतो. तोंड दाबून धरलेलं असलं की ती पुढे जात नाही.

मशीनवरच्या मामांना मी हे सांगायला गेले तेव्हा त्यांनीच विचारलं, “म्हणजे तांबट आळीत करतात तसं का?” पुण्याच्या तांबटांचं मठारकाम त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. गोल तोंडाच्या हातोडीनं ठोक्याला ठोका लावत घागरीचं सगळं अंग भरून काढायचं. उदाहरण चांगलंच होतं, पण अर्धं. तांब्याचं मऊ भांडं ठोके खाऊन कडक होतं, आणि मठारण्याचा मोठा फायदा तोच. पाटा आधीच पाणी देऊन, टेम्पर करून कडक झालेला असतो, त्यावर दाणे मारून कडकपणात फारसा फरक पडत नाही. इथं मिळवायचा तो दाब. आणि दाब डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, हार्डनेस टेस्टरवरही धड येत नाही.

सगळी गोम इथंच आहे. एरवी क्वालिटीवाल्याचं काम सरळ असतं: जाडी मोजायची तर मायक्रोमीटर लावायचा, कडकपणा बघायचा तर बॉल दाबून ठसा मोजायचा. पीनिंग झालेला चांगला पाटा आणि पीनिंग फसलेला पाटा शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच राखाडी, सारखेच खरबरीत. पाट्याला विचारून उत्तर मिळत नाही. त्यामुळे विचारायचं दुसऱ्याच कुणाला तरी.

हा दुसरा म्हणजे आल्मेन पट्टी. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जे. ओ. आल्मेन यांची ही युक्ती, तिचं पेटंट १९४४ सालचं. स्प्रिंग स्टीलची ७६ मिलिमीटर लांब आणि १९ मिलिमीटर रुंद पट्टी, ठरावीक कडकपणाची. पातळ ती ‘एन’, मधली ‘ए’, जाड ती ‘सी’. आम्हाला लागणारी ‘ए’ पट्टी साधारण १.३ मिलिमीटर जाडीची. ती एका जाड ठोकळ्यावर चार स्क्रूंनी घट्ट बसवायची आणि पाट्यावर जिथं दाणे पडतात तिथंच ठेवून मशीनमधून पाठवायची. स्क्रू सोडवले की पट्टी एका बाजूला फुगून वर येते, कारण मार खाल्लेली बाजू मोठी व्हायला बघतेय आणि आता तिला धरून ठेवणारं कुणी नाही. ती किती वाकली हे गेजवर मोजायचं. चार बारीक गोळ्यांवर पट्टी ठेवायची, मार न खाल्लेल्या बाजूला डायलचं टोक लावायचं. पाट्यात जो दाब लपून बसतो, तोच इथं वाकण्याच्या रूपानं बाहेर येतो. इतकी साधी, स्वस्त आणि हुशार मोजणी मी दुसऱ्या कुठल्याही प्रोसेसमध्ये पाहिलेली नाही, आणि ऐंशी वर्षांनंतरही जगभर हीच चालते यात नवल नाही.

फक्त एक आहे. पट्टी एकदाच वापरायची. उलटी करून दुसऱ्या बाजूनं वापरू नये, सरळ करून तर मुळीच नाही. आमच्या स्टोअरनं पट्ट्यांचा भाव बघून दोन्ही बाजू वापरायचा प्रस्ताव मांडला होता. तो मी हसून परत पाठवला.

पहिला ग्राफ काढला तो दिवस गमतीचा होता. मशीनमधून एक फेरी, दोन, चार, आठ, प्रत्येकाला नवी पट्टी. वाकणं आलं ते असं: ०.२७, ०.३७, ०.४२, ०.४५ मिलिमीटर. प्रॉडक्शनच्या साहेबांनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. “बरोबर मधे आलं. आठ फेऱ्या मारू, विषय संपला.”

इथं नियम असा आहे. दाण्यांचा मारा वाढवत गेलं की पट्टीचं वाकणं आधी झपाट्यानं वाढतं, मग मंदावतं. ज्या वेळेनंतर मारा दुप्पट केला तरी वाकणं फक्त १० टक्क्यांनी वाढतं, तो सॅच्युरेशनचा बिंदू, आणि त्या बिंदूवरचं वाकणं म्हणजे इंटेन्सिटी. आमच्या आकड्यांत दोनवरून चार फेऱ्यांना वाढ तेरा टक्क्यांच्या वर, चारवरून आठला सात टक्के. म्हणजे बिंदू दोन आणि चारच्या मधे कुठेतरी, आणि तिथली इंटेन्सिटी जेमतेम ०.४०. अगदी काठावर. आठ फेऱ्यांनंतरचे ०.४५ हे त्याच कमजोर माऱ्याचे जास्त वेळ खाल्लेले फटके होते. दाण्यात जोर किती आहे हे इंटेन्सिटी सांगते, आणि जोर वेळ वाढवून वाढत नाही. त्याला वेग वाढवावा लागतो, नाहीतर दाणा मोठा घ्यावा लागतो. हे साहेबांना पटवायला मला ग्राफपेक्षा चहा जास्त उपयोगी पडला.

दाणा आम्ही एस-३३० वापरत होतो, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटरचा. तो बदलायचा नव्हता, कारण मोठा दाणा घेतला की संख्येनं कमी दाणे पडतात, कव्हरेजला वेळ लागतो, आणि अंग जास्त खडबडीत होतं. व्हीलच्या मोटरला वेग बदलणारी ड्राइव्ह बसवलेली होती, म्हणून व्हीलचा वेग वाढवला. पुन्हा पट्ट्या, पुन्हा ग्राफ. बिंदू आता ०.४५ च्या आसपास आला.

पण डाव्या बाजूला नाही. आमच्या मशीनमध्ये दोन पाटे शेजारी शेजारी जातात. उजवीकडच्या पट्ट्या छान, डावीकडच्या कमी. दिवसभर सगळ्यांनी आपापले तर्क लढवले: पट्ट्यांचा लॉट वेगळा, ठोकळा वाकडा, गेज खराब. मामांनी काही न बोलता एक रंगवलेली पत्र्याची प्लेट आणली, कन्व्हेअर थांबवून ती व्हीलखाली ठेवली आणि थोडा वेळ मारा केला. प्लेटवरचा रंग जिथं आधी उडाला, जिथं प्लेट सगळ्यात जास्त तापली, तो होता माऱ्याचा मुख्य पट्टा, आणि तो मधोमध नव्हताच, उजवीकडे सरकलेला. व्हीलच्या पोटात कंट्रोल केज नावाचं एक नळकांडं असतं, त्याच्या खिडकीतून दाणे बाहेर पडून पात्यांवर जातात. ती खिडकी कुठल्या दिशेला आहे यावर सगळा मारा कुठे पडणार हे ठरतं. आमच्या केजची खिडकी झिजून झिजून ऐसपैस झाली होती. केज बदललं, पात्यांचा पूर्ण सेट बदलला. पाती समोरासमोरच्या जोडीनं सारख्या वजनाची लागतात, नाहीतर व्हील थरथरायला लागतं. खिडकीचा कोन पुन्हा लावला, आणि मग दोन्ही बाजू जुळल्या. ब्लास्टिंगच्या दिवसांत हा दोष वर्षभर कुणाला दिसला नसता, खपली तर निघतच होती.

कव्हरेजचं गणित मला जास्त आवडतं, कारण ते शाळेतल्यासारखं आहे. समजा एका फेरीत निम्मं अंग खळग्यांनी भरलं. दुसऱ्या फेरीतले दाणे नेम धरून उरलेल्या जागेवर पडत नाहीत, ते जुन्या खळग्यांवरही पडतात. म्हणून उरलेल्याचं निम्मंच भरतं: ७५ टक्के, मग ८७.५, मग ९३.७५. असं करत सहाव्या फेरीला ९८ च्या पुढे जातो. पूर्ण १०० कधीच येत नाही. म्हणून ९८ टक्के दिसलं की त्याला १०० म्हणायचं असा संकेत आहे, आणि २०० टक्के म्हणजे त्याच्या दुप्पट वेळ. तपासायचं दहा पट भिंगानं. टेम्पर केलेल्या पाट्याच्या काळ्या अंगावर न मार खाल्लेली जागा शोधणं डोळ्यांना फार त्रासाचं काम आहे. काही ठिकाणी एक द्रव लावतात, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तो चमकतो आणि दाण्यांनी उडाला नाही तिथंच टिकून राहतो. आम्ही तो फक्त डोळ्याच्या वळणाजवळ आणि मधल्या भोकाच्या आसपास वापरतो, कारण सपाट अंगावर काही राहत नाही, राहिलं तर तिथंच. उलट जास्त मारण्याचाही तोटा असतो. अंग इतकं कुटलं जातं की खळग्यांच्या कडा एकमेकींवर दुमडतात, आणि ती घडी म्हणजे आयती भेग.

दाण्यांची निगा हे रोजचं, कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. दाणे पुन्हा पुन्हा फिरत राहतात: खालून एलिव्हेटरनं वर, हवेच्या झोतातून धूळ आणि चुरा वेगळा, मग हॉपर, मग व्हील. फिरता फिरता ते झिजतात. ०.८ चा दाणा ०.६ चा झाला तर दिसायला फार फरक वाटत नाही, पण वजन व्यासाच्या घनात उतरतं. मूळ वजनाच्या निम्म्याहूनही कमी उरतं आणि फटक्याचा जोरही तितकाच उतरतो. म्हणून रोज थोडे नवे दाणे टाकत राहायचं. आठवडाभर न टाकता एकदम पोतं ओतलं तर उलटी गंमत होते, इंटेन्सिटी एकदम वर उडी मारते. शिफ्टला एकदा नमुना घेऊन चाळण्या लावायच्या आणि चिमूटभर दाणे भिंगाखाली पसरून फुटके, टोकेरी, जुळे किती ते मोजायचे. मामा आता हे माझ्यापेक्षा भरभर करतात. आणखी एक गोष्ट कुठल्याही मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेली नसते: जमिनीवर सांडलेले दाणे. पायाखाली आले की माणूस सरळ आडवा होतो. मशीनभोवती झाडू मारणं हा आमच्याकडे सुरक्षेचा पहिला नियम आहे. घरी गेल्यावर बुटातून, खिशातून दाणे निघतातच, त्याला इलाज नाही.

आता ‘स्ट्रेस’ या शब्दाकडे. साधं पीनिंग पाटा मोकळा ठेवून करतात. स्ट्रेस पीनिंगमध्ये पाटा फिक्स्चरमध्ये धरून, गाडीखाली ओझ्यानं वाकेल त्याच दिशेला आधी वाकवतात आणि वरचं अंग ताणलेलं असतानाच दाणे मारतात. नंतर पाटा सोडला की ते अंग परत आखडतं, आणि साध्या पीनिंगपेक्षा जास्त दाब आत बसतो. विचार सोपा, पण वाकवलेला पाटा म्हणजे बांधून ठेवलेली ताकद असते. फिक्स्चरची खुंटी निसटली तर तो मशीनचं दारही फोडेल. त्यामुळे लॉक बसल्याशिवाय कन्व्हेअर हलणार नाही अशी सोय टूलरूमनं करून दिली, आणि ती बायपास करायची नाही याची पाटी मी स्वतः लावली.

यात एक चक्कर निघाली. पीनिंग करून आलेल्या पाट्यांची कमान कमी भरत होती. फॉर्मिंगवाल्यांनी आधी हात वर केले, “आमच्याकडून बरोबर गेलंय.” ते खरं बोलत होते. मार खाल्लेली बाजू फुगून वर येते, हे पट्टीवर रोज दिसत होतं. पाट्याची मार खाणारी बाजू म्हणजे कमानीची आतली, वरची बाजू. ती फुगली की कमान उतरणारच. पाटा स्वतःच एक जाडजूड आल्मेन पट्टी झाला होता. पीनिंगनंतर किती उतरते ते बघून तेवढी जास्तीची कमान फॉर्मिंगच्या साच्यातच द्यायला लागले, आणि भांडण मिटलं. पॅराबोलिकमध्ये ही उतरंड टोकाकडच्या पातळ भागात जास्त असते, म्हणून साचा सरसकट बदलून भागत नाही. हे दुरुस्त करण्यात टूलरूमची माणसं जितकी वैतागली, तितकी बाकी कशानंच नाही.

गाडी कंपनीला फक्त पट्ट्यांचे ग्राफ पुरेसे नव्हते. त्यांनी एका प्रयोगशाळेचा एक्स-रे अहवाल मागितला. पोलादातले अणू ठरावीक अंतरावर रांगेत असतात, दाबाखाली ते अंतर किंचित बदलतं. एक्स-रे त्या रांगांवरून कुठल्या कोनात परततात हे मोजून दाब काढता येतो. पण एक्स-रे पृष्ठभागाच्या फार आत शिरत नाहीत. खोलीवरचं कळायला वरचा थर काढत जावं लागतं, आणि तो घासून काढला तर घासण्याचाच ताण मोजला जातो. म्हणून विजेच्या साह्यानं आम्लात एकेक पातळ थर विरघळवतात आणि दर थराला मोजतात. पाटा अर्थातच कामातून जातो. अहवालातला आलेख बघण्यासारखा असतो: सगळ्यात जास्त दाब पृष्ठभागावर नाही, त्याच्या किंचित खाली, मग खाली खाली कमी होत पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या दरम्यान शून्याला भिडतो आणि पुढे थोडा ताण दाखवतो. वर कोंडलेल्या दाबाचा हिशोब आत कुठेतरी भरावा लागतोच. साध्या पीनिंगचा आणि स्ट्रेस पीनिंगचा असे दोन आलेख एकावर एक ठेवले, तेव्हा प्रॉडक्शनच्या साहेबांनी पहिल्यांदा न विचारता मान डोलावली.

शेवटी फटीग टेस्ट. पाटा हायड्रॉलिक रिगवर बसवून खालीवर, खालीवर, तुटेपर्यंत. आम्ही तीन प्रकारचे पाटे लावले: नुसतं ब्लास्टिंग केलेले, मोकळे पीन केलेले आणि स्ट्रेस पीन केलेले. नुसत्या ब्लास्टिंगवाले ड्रॉइंगच्या आकड्याच्या खूप आधीच गेले, भेग वरच्या अंगावरून, अगदी त्या टेबलावरच्या जुन्या तुकड्यांसारखी. मोकळे पीन केलेले बरेच पुढे गेले. स्ट्रेस पीन केलेले आकडा पार करून चालतच राहिले, एवढे की रिगवाले पुढच्या कामासाठी मागे लागले. जे शेवटी तुटले त्यांची तोंडं मला जास्त सांगून गेली. भेग वरच्या अंगावरून निघालेलीच नव्हती. एकात ती अंगाच्या आत, पोलादातल्या एका बारीक कचऱ्याच्या कणाभोवती सुरू झालेली, भोवती गोल डागासारखी. दुसऱ्यात मधल्या क्लॅम्पच्या काठाखाली, जिथं दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत होते तिथं. वरचं अंग आता कमकुवत राहिलं नव्हतं, त्यामुळे भेगेनं दुसरी जागा शोधली. याचा एक परिणाम असा झाला की स्टील पुरवणाऱ्यांकडे आम्ही कचऱ्याचे निकष कडक मागितले. आधी त्यानं काही फरक पडत नव्हता.

ऑडिटला आलेल्या पाहुण्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “या पाट्याचं पीनिंग बरोबर झालंय हे दाखवा.” मी त्यांच्यासमोर पाटा ठेवला नाही. सकाळच्या पट्टीचा आकडा, चाळणीची नोंद, व्हीलच्या मोटरच्या अँपिअरचा कागद आणि मंजूर ग्राफ ठेवला. अँपिअर बघितले की व्हीलमध्ये दाणे पुरेसे येताहेत की नाही ते कळतं, व्हॉल्व्ह अडकला तर काटा आधी खाली येतो. ते दोन-चार कागद चाळून मामांकडे वळले आणि त्यांना एक नवी पट्टी लावून दाखवायला सांगितलं. मामांनी पट्टी आधी गेजवर ठेवून मुळात सपाट आहे का ते बघितलं, आणि तेवढ्यावरच पाहुण्यांनी टिक केली. मंजुरी त्या आठवड्यात आली.

तेव्हापासून कंट्रोल प्लॅनमध्ये दर शिफ्टच्या सुरुवातीला एक पट्टी, आणि पाती किंवा केज बदललं की नवा ग्राफ. पीनिंगनंतर पाट्याला आच लागू द्यायची नाही. पोलाद अडीचशे अंशांच्या आसपास आणि पुढे गेलं की कोंडलेला दाब सुटायला लागतो. रंगाची ओव्हन त्याहून बरीच खाली चालते, त्यामुळे तिथं धोका नाही. वेल्डिंग, ग्राइंडिंग, तापवून सरळ करणं, हे सगळं पीनिंगच्या आधी संपलं पाहिजे.

कारखान्याबाहेर मात्र आमचं काही चालत नाही. एका डीलरकडून तुटलेला पाटा आला, क्लेम होता. एका जागी रंग जळालेला, खाली पातळ खपली, आणि भेग नेमकी तिथून निघालेली. गाडी बसली म्हणून कुणीतरी रस्त्यालगतच्या भट्टीवर पाटा लाल करून कमान मारून दिली होती. सात-आठ पानांच्या जुन्या पाट्याला लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले, आणि गाड्या चालल्याही. या पाट्यात त्या एका तापवण्यानं पाणीही उतरलं आणि दाबही गेला. आम्ही वितरकांच्या पत्रकात ठळक ओळ घातली: तापवलेला पाटा पुन्हा वापरू नये, बदलावा. पत्रक मिळाल्यावर एका वितरकाचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, बदलू की, पण मेन पाटा स्टॉकला ठेवत जा. गिऱ्हाईक आठ दिवस थांबत नाही, भट्टी दहा मिनिटांवर आहे.”

ते मी स्टोअरला कळवलं. मेन पाट्याचा सुटा स्टॉक वाढवण्याचा कागद सध्या सहीसाठी अडकलाय.